कंदाकेच्या डोळ्याची राखण

मेरोए नगरीत कंदाकेचा सोबती होणे हा असा काही बहुमान होता, की तो मिळावा म्हणून माणसे आमुन देवाला बैल वाहत, आणि तो मिळाल्यानंतर तोच बैल परत मिळेल काय, याची पुजाऱ्यापाशी हळूच चौकशी करीत. कंदाके म्हणजे सिंहासनावर बसलेली राज्याची माय. तिच्या सोबत्याला तिच्या पंगतीस बसण्याचा अधिकार असे, ज्वारीच्या दारूचा पेला तिच्या पाठोपाठ त्यालाच मिळे, आणि खांद्यावर बिबट्याचे कातडे घेऊन तो बाजारातून निघाला म्हणजे भट्टीवरचे लोहारसुद्धा भाता थांबवून त्यास वाट देत. या सकल सुखाच्या मोबदल्यात सोबत्यावर कर्तव्य एकच होते. कंदाकेच्या देहाला जे व्यंग येईल, ते त्याने स्वखुशीने आपल्याही देहास आणावयाचे. माय लंगडत असता लेकरांनी तुरुतुरु चालावे हे शोभत नाही, असा पूर्वजांचा विचार होता. त्या पूर्वजांपैकी कोणी स्वतः सोबती होता किंवा कसे, याविषयी मात्र काही ऐकिवात नाही.

बेकेमेते या गृहस्थास हा मान केवळ जिभेच्या बळावर प्राप्त झाला होता. तलवार त्याने आयुष्यात एकदाच हाती धरली होती, आणि तीही कलिंगड कापण्यासाठी. परंतु स्तुती करण्यात त्याचा हात धरील असा मनुष्य नगरीत नव्हता. कंदाके अमनितेवे हिचे शरीर राज्याच्या वैभवास साजेसे विशाल होते. एका उत्सवात तिची पालखी भर रस्त्यात खचली व ती धाडकन भुईवर आली, तेव्हा सारा दरबार भयाने खाली पाहू लागला. बेकेमेते तेवढा पुढे सरसावला.

"माय, धरणीचा धीर सुटला बघा! म्हणाली, कुठवर ही माय दुसऱ्यांच्या खांद्यावर बघायची? म्हणून तिनंच पालखी खाली ओढली."

कंदाके पोट धरून हसली आणि तिने तेथल्या तेथे, धूळ न झटकताच, आपल्या हाताने त्याच्या खांद्यावर कातडे घातले.

त्यानंतरच्या सुगीच्या जेवणात भाकरीतला खडा लागून कंदाकेचा पुढचा एक दात तुटला. तिने तो थुंकून टाकला आणि भाकर पुढे खाण्यास प्रारंभ केला. सोबत्यांनी मात्र आपापले घास खाली ठेवले. थोड्याच वेळात शोरका नावाचा राजन्हावी आपली चामड्याची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. बेकेमेतेने प्रसंगावधान राखून आपली किडलेली दाढ पुढे केली. परंतु शेजारी बसलेला मलेवी हा सोबती नियमांचा मोठा कैवारी होता.

"दाढ नाही, दाढ नाही! पुढचा काढ त्याचा. कंदाकेचा पुढचा गेलाय. नियम म्हणजे नियम."

तेव्हापासून बेकेमेतेच्या स्तुतीमध्ये अधूनमधून शीळ वाजत असे.

त्याची पत्नी तेकेये ही त्या समयी गरोदर होती. लग्नानंतर बहुत वर्षांनी, सिंहमुखी अपेदेमकाच्या देवळात अनेक नवस बोलून झाल्यावर तिला दिवस गेले होते. नवऱ्याच्या तोंडातील खिंड पाहून ती म्हणाली,

"दात गेला तर गेला. भाकर मऊ करून देईन. पण यापुढं मला विचारल्याशिवाय अंगातलं काही द्यायचं नाही, सांगून ठेवते."

"अगं, आता काय व्हायचंय? माय दिवसभर बसून असते. बसल्या जागी माणसाचं काय तुटतं?"

"आणि उठली म्हणजे?"

या प्रश्नाचे उत्तर पूर्वेच्या वाळवंटातून आले. मेदेद टोळ्यांनी आमुन देवाची गुरे कुरणातून हाकून नेली. ही वार्ता दरबारात आली तेव्हा कंदाके खजूर खात होती. तिने बी थुंकली आणि ती उभी राहिली. मेरोएच्या रीतीप्रमाणे कंदाके युद्धास गेली तर ती सैन्याच्या मागे राहत नाही, पुढे राहते. आणि मेदेद लोकांविषयी सर्वश्रुत असलेली गोष्ट अशी, की ते गोफणीच्या दगडाने उडत्या पाखराचा डोळा फोडतात.

बेकेमेतेने आपले दोन्ही डोळे क्षणभर मिटून पाहिले. ते त्यास पूर्वी कधी इतके प्रिय वाटले नव्हते.

देवाची संमती अद्याप घ्यावयाची होती, एवढी एक आशा शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी देवळाच्या अंगणात पुजाऱ्यांनी आमुनाची सोन्याची होडी खांद्यावर आणली. होडी पुढे सरकली तर देवाचा होकार, मागे सरकली तर नकार. कंदाकेने विचारले, "देवा, तुझी गुरं मी स्वतः जाऊन आणू का?"

"मागं सरक, मागं सरक, बापा," बेकेमेते ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"काय पुटपुटतोस?" मलेवीने विचारले.

"प्रार्थना करतोय."

"कसली?"

"तुझ्या डोळ्यांसाठी पण करतोय, गप बस."

होडी इतक्या वेगाने पुढे आली, की कंदाकेला दोन पावले बाजूला व्हावे लागले. देवालाही आपल्या गुरांची काळजी असणार, हे बेकेमेतेच्या ध्यानात आले नव्हते.

आता उपाय जिभेचाच उरला. तो कंदाकेच्या पायांशी जाऊन बसला.

"माय, एक बोलू? तुम्ही स्वतः गेलात तर फार नुकसान होईल."

"कुणाचं रे?"

"सैन्याचं. तुम्हाला नुसतं बघूनच मेदेद पळून जातील. मग पोरांनी लढायचं कुणाशी? किती दिवस भाले घासतायत बिचारे. त्यांचा हिरमोड होईल."

"मग तर जायलाच हवं. लवकर उरकेल," कंदाके म्हणाली. "आणि बेके, तू माझ्या उजव्या हाताला राहायचं. तुझं बोलणं ऐकलं की मला बरं वाटतं."

घरी परतल्यावर त्याने ही हकिकत सांगितली, तेव्हा तेकेये चुलीपुढून उठली नाही. ती एवढेच म्हणाली, "बाळ तुम्ही येईपर्यंत झालेलं असेल."

"तेकेये, मला दुसरं काही नको. बाळाचं तोंड मला दोन्ही डोळ्यांनी बघायचंय. एका डोळ्यानं निम्मंच बाळ दिसायचं."

"मग कंदाकेच्या डोळ्यांपुढं उभे राहा," तेकेये म्हणाली. तिने फळीवरचे काशाचे मोठे तबक काढून त्याच्या हातात दिले. ते तिच्या माहेरचे होते. "आणि हे परत आणा. पोचा पडलेला चालेल."

सैन्य निघाले. पुढे हत्तिणीवर कंदाके, मागे भालाईत, आणि हत्तिणीच्या चारही पायांच्या आसपास सोबती, अशी ती शोभा होती. शोरका न्हावीही सोबत्यांबरोबर निघाला होता. पडावावर तो प्रत्येकापाशी जाऊन, हनुवटी वर करून, डोळ्यांचे निरीक्षण करी.

"तुमचा डोळा जरा आत आहे, बेकेदादा. वेळ लागेल."

"कशाला वेळ लागेल? काही व्हायचं नाहीये!"

"नाही झालं तर उत्तमच. पण आपली तयारी असावी. उजवा की डावा, ते वेळेवर कळेलच."

"या माणसाला कुणी आणलंय रे?" बेकेमेतेने ओरडून विचारले.

"मी," मलेवी म्हणाला. "कंदाकेला काही झालं तर परत जाईपर्यंत आपण धडधाकट हिंडायचं? नियमात बसत नाही ते."

त्या दिवसापासून सोबत्यांनी कंदाकेची जी सेवा आरंभिली, तशी सेवा मेरोएच्या इतिहासात कोणा राणीला लाभली नसेल. तिच्या ताटातील मासा बेकेमेते काट्यांसाठी स्वतः बोटांनी चाचपून पाही. तिची भाकर दुसरा सोबती आधी चावून पाही, खडा असला तर त्याच्या दातावर निभावे. ती हत्तिणीवरून उतरू लागली की सर्वजण खाली आडवे होऊन आपल्या पाठींची पायरी करीत. एकदा तिच्या बोटात बाभळीचा काटा रुतला, तर तो निघून रक्ताचा थेंब थांबेपर्यंत मलेवीसुद्धा नियमाचे नाव न काढता आपले बोट मुठीत धरून बसला होता. दुरून हे पाहणारे भालाईत एकमेकांना म्हणत, बघा, याला म्हणतात भक्ती! आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई.

कंदाके मात्र वैतागली.

"अरे, मी लढाईला निघालेय की बाळंतपणाला? जरा लांब व्हा की रे. वारा येऊ द्या."

"वाऱ्यात धूळ असते, माय," बेकेमेते शीळ वाजवीत म्हणाला. "डोळ्यांत जाईल."

अखेरीस एका सकाळी वाळूच्या उंचवट्यावरून मेदेदांचा तळ दिसू लागला. खोलगट जागेत एक विहीर होती, विहिरीवर पाण्याने भरलेली लांब दगडी डोण होती, तिच्याभोवती देवाची गुरे निवांत रवंथ करीत होती, आणि मध्ये मेदेद लोक गोफणी घेऊन बसले होते. आता येथे सांगितले पाहिजे, की बेकेमेतेने आदल्या दिवशी एक युक्ती योजिली होती. त्याने माहुताला बाजूला घेऊन बजावले होते, की हत्तिणीला पाणी पाजू नकोस. तहानलेले जनावर जागचे हलत नाही, असा त्याचा समज होता. हत्तीण हलली नाही म्हणजे कंदाके उंचवट्यावर राहील, सैन्य खाली जाऊन लढेल, आणि सर्वांचे डोळे आपापल्या जागी राहतील. हा विचार सर्व अंगांनी निर्दोष होता. त्यात एक विहीर तेवढी धरली नव्हती.

वारा फिरला. हत्तिणीने सोंड उचलून पाण्याचा वास घेतला, कान पसरले, आणि ती जी सुटली ती तडक डोणीच्या दिशेने. माहूत पहिल्याच धक्क्याला खाली पडला. कंदाकेने लढाईची आज्ञा देण्यासाठी तोंड उघडले होते, त्या आज्ञेचा अर्धा भाग उंचवट्यावर ऐकू आला आणि उरलेला अर्धा मेदेदांनी ऐकला. सेनापती स्तब्ध. भालाईत स्तब्ध. व्यूहरचना पुस्तकात नसलेली होती.

"डोळा!" बेकेमेते किंचाळला. "अरे, आपला डोळा चालला!"

आणि सोबती धावले. ज्यांनी जन्मात जेवणाच्या हाकेखेरीज कशासाठी पाऊल उचलले नव्हते, ते सर्व सुखासीन गृहस्थ पोटे हलवीत, कातडी उडवीत, उतारावरून हत्तिणीच्या मागे धावत सुटले. कोणाच्या हातात छत्र होते, कोणाच्या हातात चौरंग, मलेवीने तर कंदाकेची गादीच उचलून आणली होती. हत्यार एकाकडेही नव्हते. बेकेमेतेने छातीशी तबक धरले होते.

मेदेद लोक शूर खरे, पण असा हल्ला त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. ज्या राणीचे निःशस्त्र जेवणारे लोक इतक्या त्वेषाने चालून येतात, तिचे शस्त्रधारी कसे असतील, असा विचार त्यांच्या मनात आला असावा. त्याच वेळी भालाइतांनाही लाज वाटून तेही गर्जना करीत खाली आले. धूळ इतकी उडाली, की देव कोणत्या बाजूला आहे ते देवालाही सांगता आले नसते.

हत्तीण डोणीशी पोचली, थांबली, आणि पाणी पिऊ लागली. कंदाके तिच्या पाठीवरून जी घसरली ती नेमकी मेदेदांच्या नायकाच्या पुढ्यात. आता मेरोएच्या प्रत्येक देवळाच्या दर्शनी भिंतीवर कंदाकेचे चित्र कोरलेले असते: एका हातात तलवार, दुसऱ्या हातात शत्रूच्या केसांची मूठ. अमनितेवे त्याच भिंतीकडे पाहत लहानाची मोठी झाली होती. तिने तलवार उपसली आणि डावा हात नायकाच्या डोक्याकडे नेला. नायक टकला होता. कंदाके अर्धा क्षण विचारात पडली. मग तिने त्याचा कान धरला.

"गुरं कुणाची?" तिने विचारले.

"देवाची! देवाची! कान सोडा, बाई!"

"बाई नाही. माय म्हण."

"माय!"

इतक्यात समोरच्या कपारीवरून एक मेदेद गोफण फिरवताना बेकेमेतेला दिसला. गोफणीचा रोख कंदाकेच्या तोंडाकडे होता. बेकेमेते पुढे काय करीत होता, हे त्याला स्वतःलाही नीटसे कळले नाही. उडी त्याने मारली, एवढे खरे. तबक वर गेले. ठण्ण असा आवाज झाला आणि दगड दूर उडाला.

"अरे, बाजूला हो! मला दिसत नाही!" कंदाके ओरडली.

"नका बघू, माय! बघायला आम्ही आहोत!"

दुसरा दगड आला. ठण्ण. कंदाके डावीकडून डोके बाहेर काढी, बेकेमेते तबक डावीकडे नेई. ती उजवीकडे वाके, तो उजवीकडे वाके. या सगळ्यात तिने कान सोडला नव्हता, त्यामुळे नायकही इकडून तिकडे फिरत होता. तिसरा दगड तबकाच्या खालून आला आणि बेकेमेतेच्या डाव्या गुडघ्यावर बसला. कडाड असा आवाज झाला. तो खाली पडला, पण पडता पडता त्याने तबक वर धरूनच ठेवले होते.

नायकाचा कान राणीच्या हातात पाहून मेदेदांनी गोफणी टाकल्या. लढाई संपली. गुरांनी एवढ्या वेळात रवंथ करणे थांबवले नव्हते.

धूळ खाली बसल्यावर शोरका पिशवी सावरीत धावत आला.

"माय, कुठं काही? डोळा? बोट? एखादं नख तरी?"

"काही नाही रे. मजेत आहे."

न्हाव्याचा चेहरा उतरला. "बरं झालं," तो जड मनाने म्हणाला, आणि बेकेमेतेच्या गुडघ्याला काठ्या बांधू लागला. गुडघ्याची वाटी फुटली होती. बांधून झाल्यावर त्याने स्पष्ट सांगितले, की मनुष्य वाचेल, पण चालताना जन्मभर एका बाजूला झुकेल. बेकेमेतेने आधी उजवा डोळा झाकून पाहिले, मग डावा झाकून पाहिले. दोहोंनी कंदाके दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर दोन डोळे जसेच्या तसे होते. तो वेदनेत असूनही खुदकन हसला.

त्याच वेळी मलेवी घसा खाकरून पुढे झाला. गादी त्याच्या काखेतच होती.

"माय, वाईट वाटतं बोलायला, पण नियमाचा प्रश्न आहे. सोबत्याचा देह कंदाकेच्या देहासारखा असावा लागतो. तुम्हाला काही झालं नाही, बेके लंगडा झाला. म्हणजे आता तो वेगळा पडला. त्याचं कातडं उतरवावं लागेल."

"याचं कातडं?" कंदाके म्हणाली.

"बिबट्याचं, माय. खांद्यावरचं."

सैन्यात कुजबुज झाली. बेकेमेते वाळूवर पडल्या पडल्या म्हणाला, "उतरवा, माय. मला घरी जाऊ द्या. डोळे माझ्याकडं आहेत, कातड्याचं काय घेऊन बसलात?"

परंतु कंदाके अमनितेवे हिने लढाईत जितका विचार केला नव्हता, तितका आता केला. ती त्या पोचे पडलेल्या तबकाकडे बराच वेळ पाहत राहिली.

"मलेवी, नियम एवढाच ना, की दोघांचा देह सारखा हवा?"

"एवढाच, माय."

"असं कुठं म्हटलंय, की आधी माझं मोडायला हवं?"

तसे कुठेच म्हटलेले नव्हते. पूर्वजांना ते सुचले नसावे.

"झालं तर मग," कंदाके म्हणाली आणि तिने डावा पाय ओढीत, एका बाजूला झुकत, विहिरीपर्यंत चालून दाखवले. इतका भव्य देह लंगडताना पाहून नायकसुद्धा आपला कान चोळायचा थांबला. "आजपासून कंदाके लंगडते. बेकेचं कातडं राहू दे."

तेवढ्यात शोरकाच्या पिशवीची वादी सुटल्याचा आवाज झाला. न्हावी प्रफुल्लित मुद्रेने एक लाकडी मोगरी घेऊन मलेवीजवळ आला.

"डावा गुडघा ना? बसा, मलेवीदादा. त्या गादीवरच बसा. एकाच घावात होईल."

मलेवीचा रंग राखेसारखा झाला. "माय... म्हणजे... नियम असतात, पण नियमाला थोडी सवड पण असते..."

"आता सवड आली होय?" बेकेमेते खालून म्हणाला. "दाताच्या वेळी कुठं गेली होती?"

कंदाके विहिरीच्या कठड्यावर बसून इतकी हसली, की गुरे दचकली. शेवटी डोळे पुसून ती म्हणाली, "मोगरी ठेव, शोरका. मी मनानं लंगडते, यांनी पण मनानंच लंगडावं. पण नीट लंगडायचं. जो विसरून सरळ चालेल, त्याला तू आठवण करून दे."

परतीच्या वाटेवर सर्व सोबती असे मन लावून लंगडले, की खरा लंगडणारा, जो आता हत्तिणीवर कंदाकेच्या मागे बसून चालला होता, तो सोडून इतरांच्या पायांना फोड आले. शोरका मोगरी खांद्यावर टाकून सर्वांच्या मागून चालत असे. नगरीच्या वेशीवर कंदाके खाली उतरली आणि लंगडत आत शिरली. तिला पाहून द्वारपाल लंगडू लागले. पुजारी लंगडू लागले, त्यामुळे आमुनाची होडी खांद्यांवर अशी डुलू लागली, की देव होय म्हणतो की नाही, हे कोणालाच कळेना. लोहारांनी भाते सोडले आणि तेही लंगडत मिरवणुकीत सामील झाले. कोणी कारण विचारले नाही. राणी विजयी होऊन आली होती आणि ती लंगडत होती. मेरोएच्या माणसास एवढे पुरेसे असते.

तेकेये दारात उभी होती. तिच्या कडेवर फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. एवढे सगळे गाव लंगडताना पाहून ती घाबरली नाही, कारण ती पायांकडे पाहतच नव्हती. ती गर्दीत एक चेहरा शोधीत होती. काठी टेकत टेकत बेकेमेते समोर आला, तेव्हा तिने आधी त्याच्या उजव्या डोळ्यात पाहिले, मग डाव्या डोळ्यात पाहिले, आणि मगच श्वास सोडला.

"आलात?"

"दोन्ही घेऊन आलो."

"आणि हा पाय?"

"हा माझा मी दिला. तुला विचारायला वेळ नव्हता."

"तबक?"

त्याने ते पुढे केले. त्यास इतके पोचे पडले होते, की त्यात आता भाकर सरळ राहिली नसती. तेकेयेने ते काखेत घेतले आणि बाळ त्याच्या हातांत दिले. ती मुलगी होती. बेकेमेतेने तिच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिले. पुन्हा एक एक झाकून पाहिले, कारण सवय झाली होती. मग त्याला काही दिसेनासे झाले, पण ते डोळे गेल्यामुळे नव्हे, भरून आल्यामुळे. स्तुतीचा एवढा मोठा धनी, पण त्याला एक शब्द सुचला नाही. नुसती शीळ वाजली.

"बघू, बघू. माझ्या बेकेची लेक बघू," असे म्हणत कंदाके गर्दीतून लंगडत पुढे आली. तिने पोरीला उचलून अगदी आपल्या तोंडाजवळ नेले. "अगंबाई! हिला पण पुढचा दात नाही. ही तर जन्मतःच सोबती!"

गर्दी हसली. पोरीला तो मोठा, चकाकणारा, दोन डोळ्यांचा चेहरा फार आवडला असावा. तिने आपली इवलीशी मूठ उघडली, एक बोट ताठ केले, आणि ते सरळ कंदाकेच्या उजव्या डोळ्याकडे नेले.

गर्दीच्या मागे शोरकाने मान उंच केली.

"माय!" बेकेमेते ओरडला. त्याने काठी टाकली, तेकेयेच्या काखेतील तबक खसकन ओढले, आणि एका पायावर उडी मारून ते लेक व राणी यांच्या मधोमध धरले. पोरीचे बोट काशावर टेकले. अगदी लहानसा आवाज झाला.

"बेके," तबकाच्या मागून कंदाके म्हणाली, "अरे, लढाई संपली."

"तुमची संपली, माय," बेकेमेते धापा टाकीत म्हणाला. "हिचे दात यायचेत अजून."